जपानी बास रॉड: छापलेला लूअर वेट आणि काट्यावरचं वजन

मासेमारीचा महागडा जपानी बास रॉड टोकाजवळ तुटला, म्हणून कंपनीकडे पाठवला. सर्व्हिस सेंटरच्या उत्तरात कामाची ओळ एकच होती: ‘मर्यादेपेक्षा जास्त भार पडल्याने तुटला.’ रॉडवर लूअर वेट, म्हणजे फेकायच्या कृत्रिम आमिषाचं वजन, छापलंय १/४ ते ३/४ औंस, म्हणजे ७ ते २१ ग्रॅम. तुटला त्या वेळी टोकाला ३/८ औंसाचा रबर जिग (जड डोकं आणि रबरी झालर असलेला हूक) होता, त्याला तीन इंची ट्रेलर (मऊ प्लास्टिकचं शेपूट) लावलेला. वजनकाट्यावर सगळं मिळून १८.६ ग्रॅम भरलं. मर्यादेच्या आत आहे, हे काट्याच्या फोटोसकट कळवलं, तरी उत्तर बदललं नाही. नव्या रॉडच्या जवळजवळ निम्म्या किमतीत नवा ब्लँक (रॉडची कार्बनची नळी) मिळाला. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ६०,००० ते ९०,००० येन मोजून घेतलेल्या वस्तूवर जो आकडा छापलेला असतो तो नक्की कशाचा, हे कोणीच धड सांगत नाही.

वसंतातल्या अंडी घालण्याच्या मोसमापासून थंडी पडेपर्यंत जपानातल्या बिवा सरोवरावर या वर्गातले वेगवेगळे रॉड आलटून पालटून वापरले. वजन, संतुलन, रील सीट यांबद्दल भरपूर लिहून झालेलं आहे आणि ते बहुतेक खरं आहे. इथे फक्त लूअर वेट.

पहिली गोष्ट, या आकड्याला सर्व कंपन्यांचं मिळून असं काही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचा टेस्टर आपापल्या कास्टच्या, म्हणजे फेकण्याच्या, पद्धतीवरून तो ठरवतो. वरची मर्यादा म्हणजे जोर लावून फेकलं तरी ब्लँक सांभाळेल असं वजन. खालची मर्यादा म्हणजे टोक थोडं तरी वाकेल आणि लूअर पुढे जाईल असं वजन. दोन्ही आकडे फेकण्यापुरते आहेत. लूअर पाण्यातून ओढताना किंवा मासा उचलताना काय होईल, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पाकिटावरचा औंस प्रत्येक लूअरच्या बाबतीत वेगळ्याच वजनाचा असतो. हार्ड बेटवर, म्हणजे कडक आमिषावर, लिहिलेलं वजन अख्ख्या लूअरचं असतं. मेगाबासच्या व्हिजन ११० वर १/२ औंस लिहिलंय, तर तो १४ ग्रॅमच्या आसपासच भरतो. रबर जिगवर लिहिलेलं वजन मात्र फक्त डोक्याचं. ३/८ चं डोकं साडेदहा ग्रॅम. हूक, स्कर्ट (झालर) आणि ब्रश गार्ड (हूक गवतात अडकू न देणारे ताठ तंतू) धरून तोच जिग १३-१४ ग्रॅमवर जातो, ट्रेलरने आणखी पाच-सहा ग्रॅम चढतात. स्पिनरबेटचंही तसंच: ३/८ हे डोक्याचं वजन, तार आणि पाती धरून १६-१७ ग्रॅम. टेक्सास रिगमध्ये (दोरीवर सिंकर म्हणजे वजन, त्यामागे मऊ वर्ममध्ये लपवलेला हूक) तर लोक नुसता सिंकर मोजतात. १/२ औंस टंगस्टन, चार इंची जाड क्रीचर वर्म आणि ४/० चा ऑफसेट हूक मिळून २५-२६ ग्रॅम सहज होतात. ३/४ च्या रॉडसाठी हे जास्तच झालं, पण माणूस मनात ‘अर्धा औंस’ धरून पूर्ण जोराने फेकतो. उलट पाच इंची सेंको (मऊ वर्म) बिनशिशाचा असला तरी दहा ग्रॅमच्या घरात भरतो, म्हणजे त्याला ‘हलका’ म्हणण्यात अर्थ नाही.

त्यामुळे ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा हे या छंदातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन आहे. एका संध्याकाळी बॉक्समधली प्रत्येक रिग तयार करून मोजा आणि ग्रॅमचा आकडा मार्करने झाकणावर लिहा. स्कर्ट ओला करून मोजा, कारण स्कर्टमध्ये पाणी धरतं. बिवाच्या दक्षिण भागात, नान्कोत, पाणी सरासरी चारच मीटर खोल आणि तळ गवताने भरलेला. हूकला अडकलेला गवताचा पुंजका झटकून न टाकता पुढचा कास्ट मारला की वजनाचा हिशेब राहतच नाही.

एकूण वजन मोजून वापरलं की महागड्या रॉडचं एक वैशिष्ट्य लगेच कळतं: छापलेली मर्यादा रुंद, पण कामाचा पट्टा अरुंद. ७ ते २१ ग्रॅमच्या रॉडमध्ये ११ ते १६ ग्रॅम एवढाच भाग खरा मजेचा. त्या पट्ट्यात रीलचा ब्रेक फारसा हलवावा लागत नाही, लूअर फार वर न जाता सरळ रेषेत जातो आणि मनगटाच्या झटक्यानेही अंतर मिळतं. ७ ग्रॅमला टोक जेमतेम वाकतं, सगळं खांद्याने ढकलावं लागतं, वाऱ्यावर तर दोरीचा गुंता ठरलेला. खालची मर्यादा रीलवरही अवलंबून असते. उथळ आणि हलक्या स्पूलचं रील असेल तर ७ ग्रॅम जमतं. १६ पौंडी फ्लुरोकार्बन काठोकाठ भरलेल्या साध्या स्पूलवर तोच रॉड १० ग्रॅमच्या खाली वापरू नये. सात ग्रॅमच्या खालचंच काम रोज असेल तर सरळ बेट फिनेसचा (हलक्या लूअरसाठीचा) रॉड घ्यावा.

घरच्या घरी तपासायची रीत सोपी आहे. हूक नसलेले ७, १०, १४, १८ आणि २१ ग्रॅमचे सरावाचे प्लग घ्या. रील तेच, दोरी तीच, ब्रेक तोच. मोकळ्या मैदानात एकसारख्या जोराने फेका. वजन वाढवूनही अंतर वाढायचं जिथे थांबतं, तिथे रॉडचा कामाचा पट्टा संपला. पुढचे ग्रॅम छापलेले असले तरी ते हळू, गोल फिरवून मारायच्या कास्टसाठी आहेत, मनगटाच्या झटक्यासाठी नव्हेत.

इथपर्यंतचा मजकूर उन्हाळ्यात लिहिला होता आणि त्यात पुढे एक शिफारसही होती: शक्य तितक्या उच्च मॉड्युलसच्या (जास्त ताठ) कार्बनचा रॉड घ्या. ती आता काढून टाकली आहे. शरद ऋतूत होक्कोच्या, म्हणजे उत्तर भागाच्या, खोल पाण्यात डीप क्रँक (पुढच्या जिभेमुळे खोल जाणारा हार्ड बेट) ओढायला लागल्यावर मत बदललं. जिग आणि टेक्साससाठी उच्च मॉड्युलसचा पातळ, कमी रेझिनचा ब्लँक अजूनही अप्रतिम. तळातला खडा आणि शिंपला यांतला फरक हाताला कळतो. पण तोच रॉड, त्याच १/२ औंसाच्या वजनात, क्रँकबेटला निकामी ठरतो. क्रँकची जीभ पाणी कापताना रॉडवर जो ओढ येतो तो लूअरच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मासा तोंडात घेतो त्या क्षणी ताठ टोक लवत नाही, ट्रेबल (तीनमुखी) हूक निसटतात. नोरीजच्या रोड रनरमध्ये हार्ड बेटसाठी एचबी ही वेगळी मालिका ठेवली आहे ती उगाच नाही. दोन रॉडवर एकच लूअर वेट छापलेला असला तरी ते दोन वेगळ्या कामांचे असू शकतात. कॅटलॉगमध्ये आकड्याच्या शेजारी ‘जिग’ किंवा ‘क्रँक’ एवढा एक शब्द छापला तर गिऱ्हाईकाचे कितीतरी पैसे वाचतील. छापत नाहीत, आणि इतक्या महाग वस्तूच्या बाबतीत ते मला पटत नाही.

नावांवरून थोडं कळतं. दाइवाच्या ६६१एमएचआरबी अशा नावात ६ फूट ६ इंच, एक तुकडा, एमएच (मध्यम-जड) ताकद, रेग्युलर बाक (फक्त टोकाशी न वाकता मध्यापर्यंत वाकणारा) आणि बेट रील (आडव्या फिरत्या स्पूलचं) एवढं सगळं येतं. त्यातलं ‘आर’ लूअर वेटपेक्षा जास्त सांगून जातं. शिमानोत पहिला १ असेल तर बेट, २ असेल तर स्पिनिंग, पुढे लांबी आणि ताकद. मेगाबासचा एफ-आकडा ताकदीचा, पण एकाचा एफ४ दुसऱ्याच्या एमशी (मध्यम) जुळवत बसू नका.

आता तुटलेल्या टोकाबद्दल. तुकडा परत मागवून भिंगाखाली पाहिला. तुटलेली कड ब्लेडने कापल्यासारखी सपाट, टोकापासून तिसऱ्या गाइडच्या (दोरी ज्यातून जाते त्या कडीच्या) पायाला लागून, बरोबर दोऱ्याची गुंडाळी जिथे संपते तिथे. अति भाराने मोडलेला ब्लँक बहुधा लांब चिरफाळतो, तंतू सुटे होतात. सपाट कड असेल तर आधीच तिथे खाच किंवा ठोका होता असं समजायचं. गाइडच्या पायाचं टोक घासून पातळ केलं नसेल तर रॉड वाकताना ते टोक कार्बनमध्ये रुततं. हा जोडणीतला दोष आहे, भाराचा नव्हे. हेच मुद्दे लिहून पाठवले, त्यावर उत्तर आलं नाही. इतर नेहमीची कारणंही खरी आहेत: पूर्ण जोराच्या कास्टमध्ये मध्येच बॅकलॅश (स्पूलवर दोरीचा गुंता) होणं, बोटीजवळ रॉड उभा धरून मासा उचलणं, प्रवासात सुटा टंगस्टन सिंकर ब्लँकवर आपटत राहणं. शेवटचं टाळायला सिंकर कापडी कव्हरमध्ये बांधून ठेवावा.

जपानातल्याच कावागुची सरोवरावर मऊ प्लास्टिकच्या वर्मला बंदी आहे, त्यामुळे तिथे हार्ड बेट जास्त चालतात आणि छापलेला औंस बहुतेक वेळा खऱ्या वजनाशी जुळतो. तिथल्या अनुभवावर लिहिलेलं वाचून बिवासाठी रॉड निवडू नका. बिवावर ट्रेलर, जाड वर्म आणि जड सिंकर. रोजच्या रिगचं काट्यावरचं वजन रॉडच्या वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशापर्यंत बसेल असाच रॉड घ्या.

जपानातून कोकणात मरळ किंवा जिताड्यासाठी रॉड नेणाऱ्यांसाठी: ६०-६५ मिलिमीटरचा पोकळ बेडूक (बेडकाच्या आकाराचं मऊ आमिष) साधारण १४ ते १८ ग्रॅमचा, म्हणून एमएच पुरेल असं वाटतं. फेकायला पुरतोही. पण गवतातून मरळ खेचताना ५० पौंडी वेणीची दोरी अजिबात ताणली जात नाही आणि सगळा झटका टोकावर येतो. तिथे पातळ, महाग ब्लँक नको. त्यापेक्षा २०,००० येनच्या आसपासचा जाडसर एच (जड ताकदीचा) रॉड बरा. खाडीच्या खाऱ्या पाण्यासाठी गाइडची चौकट टायटॅनियमची असावी, स्टेनलेस गंजते. कार्बन चौकटीचे गाइड हलके असतात, पण होडीच्या काठावर आपटले तर टायटॅनियमसारखे वाकून सरळ होत नाहीत, तडकतात.

जुना रॉड घेत असाल तर गाइडच्या प्रत्येक कडीतून बायकांच्या नायलॉन मोज्याचा तुकडा ओढून पाहा. धागा अडकला की आतली सिरॅमिक कडी चिरलेली. आणि मोजपट्टी घेऊन जा. ६ फूट १० इंच म्हणजे २०८ सेंटिमीटर, ६ फूट ६ इंच म्हणजे १९८. चार-पाच सेंटिमीटर कमी भरले तर टोक मोडून पुन्हा बसवलेलं आहे. अशा रॉडचं टोक मुळापेक्षा ताठ झालेलं असतं, त्यामुळे छापलेली खालची मर्यादा त्याला लागू होत नाही: १/४ औंस वाचून घेतलात तरी १० ग्रॅमच्या खाली तो नीट फेकणार नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख नसेल तर दुरुस्तीची सवलतही मिळत नाही, तेव्हा किंमत ठरवताना ती शून्य धरा.