विज्ञान संघटनेच्या घटनेचा तयार मसुदा: तीन तारे

आमच्या प्रादेशिक विज्ञान संघटनेसाठी एका सल्लागार सेवेकडून घटनेचा तयार मसुदा घेतला. उद्दिष्टं, सभासदांचे प्रकार, हिशेबतपासणी यांत बोट ठेवायला जागा नाही.

खरी गोम कार्यकारी मंडळाच्या कलमात. मुदत तीन वर्षांची, पण फेरनिवडीला मर्यादाच नाही! म्हणजे एकदा बसलेले अध्यक्ष खुर्ची सोडणार कधी? लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या १६६३ च्या सनदेत २१ जणांच्या मंडळातले १० जण दरवर्षी बदलायची सोय होती. तेव्हा सुचलेलं यांना आज सुचू नये? गणसंख्येचंही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचंही, तेच. 'एकूण सभासदांच्या निम्मे' असं ठोकून दिलंय. सभासद प्रदेशभर पांगलेले, निम्मे जमणार कुठून? प्रत्येक सभा तहकूबच व्हायची. आम्ही ती एक पंचमांशावर आणली आणि ऑनलाइन हजेरी ग्राह्य धरली.

विसर्जनाचं कलम मात्र झकास आहे. संघटना बंद पडली तर शिल्लक निधी सभासदांत वाटायचा नाही, तशाच उद्दिष्टांच्या दुसऱ्या संस्थेकडे द्यायचा. सुरुवातीच्या उत्साहात हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

सांगितल्यावर मंडळाचं आणि गणसंख्येचं अशी दोन्ही कलमं सल्लागारांनी कुरकुर न करता बदलून दिली, म्हणून एक तारा वाढवला.