फॉकलंड : पुन्हा युद्ध की वाटाघाटी?

दक्षिण अटलांटिकमधील, ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर (अर्जेंटिनाच्या लेखी माल्विनास) १९८२ साली ७४ दिवस युद्ध झाले. त्यात अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक मारले गेले, शिवाय तीन बेटवासी महिलांचाही बळी गेला.

ते युद्ध पुन्हा पेटण्याची शक्यता मला फार कमी वाटते. तेव्हा बेटांवर ब्रिटिश नौसैनिकांची लहानशी तुकडी होती आणि अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्समध्ये डळमळीत झालेली लष्करी राजवट होती. आज बेटांवर माउंट प्लेझंटचा ब्रिटिश हवाई तळ आहे, आणि बेटांवरचा दावा न सोडणाऱ्या अर्जेंटिनाच्या राज्यघटनेनेच १९९४ पासून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांचे बंधन घातले आहे.

वाटाघाटींची वाटही सोपी नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्येच दोन्ही देशांना चर्चेचे आवाहन केले. मात्र बेटवासीयांच्या २०१३ च्या सार्वमतात १,५१३ मते ब्रिटनच्या बाजूने आणि अवघी तीन विरोधात पडली, आणि त्या कौलाला बगल देऊन होणारा कोणताही करार मला न्याय्य वाटत नाही.

तरीही चर्चेने काय साधते, ते बेटांवरील डार्विन या वस्तीजवळच्या दफनभूमीत दिसते. तेथील पांढऱ्या क्रुसांखाली अनेक वर्षे ‘केवळ देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनी सैनिक’ एवढेच कोरलेले होते. दोन्ही सरकारांच्या संमतीने रेड क्रॉसने २०१७ मध्ये अवशेष तपासले, आणि पुढच्या वर्षी आलेल्या नातलगांना त्या थडग्यांवर आपल्या माणसाचे नाव वाचता आले.