आयसीडी-१०-सीएमचं छापील पुस्तक: औषधाने बिघडलेल्या हार्मोन्सच्या कोडिंगसाठी कितपत कामाचं?

ऐरोली, ठाणे, अंधेरीच्या कंपन्यांत अमेरिकी रुग्णांचे चार्ट (वैद्यकीय नोंदी) वाचून आजारांना कोड देताना एन्कोडर, म्हणजे कोड शोधून देणारं सॉफ्टवेअर, स्क्रीनवरच असतो. मग आयसीडी-१०-सीएमचं, म्हणजे आजारांच्या अमेरिकी कोडयादीचं, लोकलमध्ये खांदा मोडणारं हे जाड पुस्तक विकत का घ्यायचं? सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते, ४ तासांत १०० प्रश्न, हे एक कारण. दुसरं आणि जास्त खरं कारण म्हणजे सूचना. एन्कोडर झटकन कोड देतो, पण कोडखालच्या ‘आधी हे लिहा, सोबत ते जोडा’ या ओळींवरून नजर तशीच घसरते. औषधाने झालेल्या हार्मोनच्या आजारांत सगळा खेळ त्याच ओळींचा असतो.

पुस्तकाची कसोटी स्टेरॉइडवर घ्या. संधिवाताला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे, डोस सांगितल्याप्रमाणेच घेतलाय आणि चेहरा-पोटावर कुशिंग (स्टेरॉइड हार्मोन शरीरात जास्त झाल्याची लक्षणं) दिसतंय. इंडेक्समध्ये ‘कुशिंग’खाली ‘ड्रग-इंड्यूस्ड’ (औषधाने झालेला) आणि ‘आयट्रोजेनिक’ (उपचारामुळे झालेला) दोन्ही ओळी ई२४.२ वर नेतात. तिथली सूचना सांगते की औषधाचा टी-कोड, म्हणजे कोणत्या औषधाने झालं हे सांगणारा कोड, जोडा. औषधांच्या तक्त्यात सहा रकाने आहेत: अपघाती विषबाधा, आत्मघात, हल्ला, अनिश्चित, दुष्परिणाम, कमी डोस. पाचव्या रकान्यात टी३८.०एक्स५ मिळतो. नवशिके इथेच थांबतात आणि क्लेम (विम्याचा दावा) परत येतो, कारण तक्ता सातवं अक्षर देत नाही. ते टॅब्युलरमधून, म्हणजे पुस्तकातल्या कोडच्या क्रमवार यादीतून, घ्यावं लागतं: उपचार चालू असताना ए, नंतरच्या देखरेखीला डी, मागे राहिलेल्या परिणामाला एस. अंतिम क्रम असा: ई२४.२, टी३८.०एक्स५ए, मग संधिवात आणि दीर्घकाळच्या स्टेरॉइडसाठी झेड७९.५२.

रुग्णाने गोळ्या मनानेच दुप्पट घेतल्या असतील, तर ती विषबाधा ठरते. टी३८.०एक्स१ए पहिला येतो आणि ई२४.२ मागे जातो. एका आकड्याने अख्खा क्रम उलटतो. उलट, पैसे नाहीत म्हणून गोळ्या कमी घेतल्या असतील तर टी३८.०एक्स६ए आणि झेड९१.१२०, हा टी-कोड कधीच पहिला येत नाही.

तक्त्यातल्या उपओळी हा पुस्तकाचा सगळ्यात उपयोगी भाग. प्रेडनिसोलोनच्या खाली कान-नाक-घशाचं, डोळ्यांचं, त्वचेवरचं अशा वेगळ्या ओळी आहेत. मलमासाठी टी४९.०एक्स, डोळ्यांच्या थेंबांसाठी टी४९.५एक्स. पहिली ओळ दिसली की बोट तिथेच थांबतं, आणि मलमाने अॅड्रिनल ग्रंथी दबलेल्या रुग्णाला चुकून गोळीचा कोड लावला जातो. तक्ता औषधाच्या मूळ नावावर चालतो. चार्टमध्ये ब्रँडचं नाव असेल तर आतलं औषध आधी शोधून ठेवा.

साखरेच्या बाबतीत मात्र पुस्तक एकटं पुरत नाही. स्टेरॉइडने मधुमेहच झाला असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर ई०९, साखर चढलेली असेल तर ई०९.६५. आधीचा टाइप २ स्टेरॉइडने बिघडला असेल तर ई११.६५ आणि टी३८.०एक्स५ए. मधुमेहाचं निदानच नाही, नुसती साखर वाढलीय, तर आर७३.९ आणि तोच टी-कोड. तिन्ही चार्ट वरवर सारखेच दिसतात. अॅडमिट असताना तात्पुरतं इन्सुलिन दिलं म्हणून झेड७९.४ (दीर्घकाळचं इन्सुलिन) लावणं ही ऑडिटमध्ये हमखास पकडली जाणारी चूक.

‘प्रेडनिसोलोन चालू, साखर ३२०’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कोडरने दोन्हींत नातं जोडायचं नसतं. डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) पाठवायची, तीही उत्तर सुचवणारी नको; पर्याय द्या आणि ‘इतर’, ‘सांगता येत नाही’ हेही त्यात ठेवा. डॉक्टरांकडून हवं ते इतकंच: औषधाचं नाव, तोंडाने की इंजेक्शनने की मलम, सांगितल्याप्रमाणे घेतलं का, आणि ‘यामुळे’ हा शब्द. हे नसलं तर महागातली एक्स्पर्ट आवृत्तीही काही करू शकत नाही. त्या आवृत्तीतली रंगीत शरीरचित्रं या कामाला तशीही लागत नाहीत. सातव्या अक्षराची खूण ठळक असलेली साधी आवृत्ती पुरते.

थायरॉइडचं प्रकरण सोपं: अमिओडॅरोन या हृदयाच्या ठोक्यांवरच्या औषधाने हायपोथायरॉइड झाला तर ई०३.२ आणि टी४६.२एक्स५ए. रिस्पेरिडोन या मानसिक आजारावरच्या औषधाने प्रोलॅक्टिन हार्मोन वाढलं तर ई२२.१, या कोडच्या नावात औषधाचा उल्लेखच नाही, त्यामुळे टी४३.५९५ए विसरला की कारण चार्टमधून गायब.

सीनियरकडून किंवा फूटपाथवरून जुनं पुस्तक घेताना टी४५ चं पान उघडा. इम्यून चेकपॉइंट इनहिबिटर या कॅन्सरवरच्या औषधांचा टी४५.एएक्स नसेल, तर ते १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीचं. सरावाला चालेल, क्लेमला नाही. नवंसुद्धा वर्षभर पुरेलच असं नाही, कारण मुख्य बदल १ ऑक्टोबरला आले तरी १ एप्रिललाही भर पडू शकते. गाइडलाइन्स आणि कोडच्या फाइल्स अमेरिकी सरकारच्या साइटवर फुकट मिळतात. घासाघीस करण्याआधी त्या उतरवून घ्या.

मुंबईतल्या हॉस्पिटलच्या एमआरडीत (वैद्यकीय नोंदी विभागात) जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० वापरत असाल, तर हे पुस्तक घेऊच नका. त्या आवृत्तीत ई०९ नाही, सातवं अक्षर नाही, आणि स्टेरॉइडचा दुष्परिणाम टी३८.० वर नव्हे तर वाय४२.० वर जातो.