सांगलीच्या विश्रामबागेतलं टेंडरचं ऑफिस : 'एकमेव पुरवठादार'वर हरकत घ्यायची असेल तर

चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच.

आमचं घरपट्टी-पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर आहे. सांगलीत पाच माणसांचं ऑफिस, गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था आणि थोड्या नगरपंचायती. जवळच्या एका नगरपरिषदेनं (नाव देत नाही, अजून तिथं जाणं-येणं आहे) कर विभागाचं नवं सॉफ्टवेअर निविदा न काढता जुन्याच कंपनीकडून घ्यायचा प्रस्ताव मंजुरीला ठेवला. कारण काय, तर "सदर प्रणाली एकमेव पुरवठादाराकडे उपलब्ध आहे." घरपट्टीची प्रणाली, आणि एकमेव! मग आम्ही इतकी वर्षं इथं बसून काय भडंग विकतोय का?

वकिलाकडं जाण्याआधी ओळखीच्या एका ठेकेदारानं या ऑफिसचा पत्ता दिला. दोनच माणसं. काका पूर्वी नगरपालिकेच्या लेखा विभागात होते, आता निवृत्त. त्यांची भाची डिजिटल सही, महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवरचं भरणं, बयाणा रकमेची (निविदेसोबत भरायच्या अनामतीची) भानगड हे सगळं बघते. टेंडर भरून देणारी ऑफिसं सांगलीत काही कमी नाहीत, आणि भरून देण्यापुरतं कुठंही गेलात तरी चालेल. इथला माल वेगळा आहे. निविदा निघालीच नसेल तर काय करायचं, हे काकांना कळतं.

माझ्या भागीदारानं लांबलचक हरकतपत्र लिहून ठेवलेलं. त्यात एकाच पुरवठादाराकडून खरेदी कधी चालते हे सांगणारा, केंद्राच्या वित्तीय नियमांतला २०१७ चा नियम १६६ होता, भ्रष्टाचार होता, छोट्या उद्योजकांवरचा अन्यायही होता. काकांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला. "ताई, हा नियम केंद्राचा. नगरपरिषद राज्याची. ह्या एका ओळीवर तुमचा अर्ज काही कारवाई न होता दप्तरी दाखल होईल." मग कपाटातून राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका काढली. पानांवर पेन्सिलीच्या खुणा, कोपरे मुडपलेले. भ्रष्टाचाराचा परिच्छेद पूर्ण खोडला. म्हणाले, पुरावा आहे का? नाही ना, मग तो वेगळा अर्ज, वेगळ्या दिवशी.

मीही एक कागद नेला होता. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात पेन्शन सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं २००८ मध्ये निविदा न काढता मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअरं घेतली. मॉन्ट्रियलची 'साव्हुआर-फेअर लिनक्स' ही छोटी कंपनी कोर्टात गेली आणि २०१० मध्ये ती खरेदी बेकायदा ठरली. दुसरं कुणी पुरवू शकतं का याचा नीट शोध घेतला, तो कागदावर ठेवला, असं संस्थेला दाखवता आलं नाही. काका हसले. "तिथलं कोर्ट आपल्या मुख्याधिकाऱ्याला काय सांगणार?" पण कागद परत दिला नाही. अर्धा मिनिट बघत बसले आणि त्यातूनच आमच्या हरकतीचं पहिलं वाक्य निघालं : एकमेव पुरवठादार आहे हे कुणी, कधी, कसं तपासलं, आणि त्याची टिप्पणी कुठं आहे?

त्यांच्या फीचे खरे पैसे मी या वाक्यासाठी मोजते. आमचं सॉफ्टवेअर चांगलं की त्यांचं, हा वाद मुख्याधिकारी कधीही जिंकू शकतो, कारण निवड त्याची. कोर्टही त्यात पडत नाही. सुप्रीम कोर्टाच्या टाटा सेल्युलर खटल्यातल्या १९९४ च्या निकालापासून कोर्ट निर्णय घेण्याची पद्धत तपासतं, निवड नाही. पण "तपासलेला कागद दाखवा" याला उत्तर म्हणून कागदच लागतो.

जुन्या कंपनीचा दावा होता की शास्तीची (थकबाकीवरच्या दंडाची) आकारणी आणि आधीच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीचा इतिहास फक्त त्यांच्याच प्रणालीत चालतो. थकीत घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती कायद्यानं ठरवलीय. कायद्यातलं गणित कुणाच्या एकट्याच्या मालकीचं कसं? इतिहासाचं मात्र खरं होतं. मालमत्तांची सगळी नोंद त्यांच्या सर्व्हरवर, आणि बाहेर काढून द्यायचं कलम जुन्या करारात नाही. विहीर नगरपरिषदेची आणि दोर कंपनीचा. काकांनी हे हरकतीत दुसरं घेतलं : डेटा कुणाचा, करार संपल्यावर कोणत्या स्वरूपात परत मिळणार?

काका आंधळेपणानं बाजू घेत नाहीत हेही सांगायला पाहिजे. "चालू सॉफ्टवेअरची नुसती देखभाल असती तर मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं असतं," म्हणाले. ज्याचा सोर्स कोड त्यालाच देखभाल, तिथं निविदेचा आग्रह धरणं म्हणजे फुकटची कटकट. इथं प्रणालीच नवी होती, म्हणून हरकत उभी राहिली.

पत्र शेवटी एका पानाचं झालं. मुख्याधिकाऱ्यांना आवक क्रमांकासह, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी तेच रोखू शकतात. त्याच दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज. माहितीला ३० दिवस लागू शकतात, तोवर कंपनीला कार्यादेश (काम सुरू करायचा आदेश) निघाला तर मग बसा बोंबलत, म्हणून दोन्ही एकदमच. हायकोर्टाचा विषय मीच काढला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. निविदेशिवाय काम देणं हा अपवादच असला पाहिजे, असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा मीरत महापालिकेचा २००६ चा निकालही काकांना पाठ. तरी त्यांनी थांबवलं. आधी उत्तर तर येऊ दे.

उत्तर काही आलं नाही. प्रस्तावच मागं घेतला आणि काही आठवड्यांनी निविदा निघाली. भाचीनं अटी वाचून प्री-बिड बैठकीआधी (निविदा भरण्यापूर्वीच्या शंकांच्या बैठकीआधी) प्रश्न पाठवले. उलाढालीची अट आमच्यासारख्यांना बाहेर ठेवायलाच घातली होती, ती थोडी खाली आली. आम्ही भरलं, तांत्रिक लिफाफ्यात पास झालो, वित्तीय, म्हणजे दरांचा, लिफाफा उघडला आणि काम गेलं जुन्याच कंपनीला. पहिल्या प्रस्तावापेक्षा बऱ्याच कमी दरात, आणि डेटा परत देण्याचं कलम करारात घालून. त्यामुळं काम मिळेल या आशेनं या ऑफिसात जाऊ नका. काका ते पहिल्याच भेटीत सांगतात, आणि फीसुद्धा निकालावर ठेवत नाहीत. टक्केवारी मागणाऱ्यांपेक्षा मला हे बरं वाटलं.

आता कापलेला तारा. काका संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲप बघतच नाहीत, आणि निविदेची मुदत तर नेहमी अडचणीच्याच वेळी संपते. पोर्टलचं काम भाचीच्या एकटीच्या डोक्यावर, ती परीक्षेला गेली की दुकान अर्धं बंद. इंग्रजी पत्र करून घ्यायचं असेल तर दुसरीकडं जा, इथली इंग्रजी जुन्या सरकारी टिप्पणीची आहे. मराठी मसुदा मात्र असा की त्यातला एक शब्द हलवता येत नाही. जिना अरुंद, खाली गाडी लावायला जागा नाही. जाताना प्रस्तावाची पूर्ण प्रत न्या. वर्तमानपत्राचं कात्रण नेलंत तर काका बघणारसुद्धा नाहीत.