केबिनसाठी घेतलेला जुना बाथटब: वापरानंतरचा अभिप्राय

नवा बाथटब परवडणार नव्हता, म्हणून केबिनसाठी जुन्या सामानाच्या दुकानातून बिडाचा, आतून इनॅमल चढवलेला पाच फुटी टब घेतला. तो समाधानकारक ठरला असला, तरी निवड करताना किमतीपेक्षा वजनाचाच विचार अधिक करावा लागला. असा टब रिकामाच सव्वाशे किलोंच्या पुढे जातो, त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे आणखी दीडशे किलो, शिवाय आत बसणारा माणूस, आणि हा सारा भार चार लहान पायांवर येतो. त्यामुळे लाकडी जमिनीखाली जादा तुळया टाकाव्या लागल्या आणि बचतीचा बराचसा भाग तिथेच खर्ची पडला. ॲक्रिलिकचा टब पुष्कळ हलका असतो, पण त्याचा तळ पायाखाली लवत असेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

चुंबक चिकटला म्हणजे टब बिडाचाच, असे मात्र नाही. पोलादी पत्र्यालाही तो चिकटतो. ठोकून पाहिल्यावर पत्रा खणखणतो, बीड दबका आवाज देते. इनॅमलवरचे पिवळट डाग मी मनावर घेतले नाहीत, निचऱ्याच्या भोकाभोवतीचा गंज मात्र विजेरी लावून तपासला.

तक्रार एकच आहे: थंड बीड सुरुवातीला पाण्याची उष्णता शोषून घेते, त्यामुळे लहान गीझरचे पहिले पाणी टब तापवण्यातच जाते.