बालसाक्षीदारांचं केंद्र : खोली चांगली, जबाब कच्चे

मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयाच्या या केंद्राला वेगळं दार आहे, बसायला बुटक्या खुर्च्या आहेत. आरोपीला साक्ष ऐकू येते, पण लेकराला तो दिसत नाही. वकील थेट विचारत नाहीत. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ३३ प्रमाणे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातो. आधी नाव, शाळा, खरं-खोटं कळतं का, एवढं विचारून ते प्रश्नोत्तरांतच उतरवून घेतात. हे फार मोलाचं, कारण लेकराला समज होती की नाही, हे अपिलात याच कागदावरून तपासलं जातं. १२ वर्षांखालच्या मुलाला शपथ नसली तरी चालते.

उणीव आहे ती या खोलीत येण्याआधीची. ऊसतोडीच्या हंगामात मायबाप कारखान्यावर आणि लेकरं आजीपाशी, त्यामुळे पहिल्यांदा कळतं ते आजीला. तिचं सांगणं ऐकीव. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ५५ मुळे तेवढ्यावर घटना शाबीत होत नाही. मात्र लेकरानं घटनेच्या सुमारास सांगितलं असेल, तर कलम १६० खाली त्याच्या साक्षीला दुजोरा मिळतो. रामेश्वर खटल्यात ८ वर्षांच्या मुलीनं आईला काही तासांनी सांगितलेलं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५१ मध्ये असंच धरलं. लेकरू साक्षीलाच आलं नाही, तर दुजोरा कोणत्या साक्षीला द्यायचा? मग उरतं साक्ष अधिनियमाचंच कलम ४, आणि ती वाट अरुंद आहे : सांगणं घटनेला इतकं लागून हवं की तिचाच भाग ठरावं.

जबाब बिघडतो तो ठाण्यात. लेकरू म्हणतं, "आज्जे, त्यानं इथं लई दुखवलं." कागदावर येतं, "अतिप्रसंग केला." कोर्टात आजी खरे शब्द सांगते आणि बचाव पक्ष साक्ष अधिनियमाच्या कलम १४८ खाली आधीच्या जबाबाशी तफावत काढतो. म्हणून बोली जशीच्या तशी लिहा. "त्याच दिवशी" पुरत नाही. शाळा सुटल्यावर की दिवेलागणीला, तेही हवं. आजीनं काय विचारलं तेही नोंदवा. "काय झालं?" आणि "त्यानंच केलं ना?" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, दुसऱ्यावर पढवल्याचा आक्षेप हमखास येतो.

तारखांचंही तसंच. न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत लेकराची साक्ष व्हावी, असं पोक्सोचं कलम ३५ सांगतं. ती लांबून दिवाळीपलीकडे गेली, तर लेकरूही मायबापाबरोबर फडात गेलेलं असतं आणि समन्स गावातून परत येतं. समन्सवर मुकादमाचा फोन आणि कारखान्याचा पत्ता आधीच घ्यायला हवा.

खोलीला ५ पैकी ४. जबाबांना २.