लॅश एक्स्टेन्शन: दोन रिफिलच्या मधल्या दिवसांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ठाण्यातील एका पार्लरमध्ये लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापण्यांच्या केसांवर कृत्रिम केस चिकटवून घेतले आणि तेव्हापासून दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल करत, म्हणजे गळालेल्यांच्या जागी नवे बसवून घेत, ते सलग ठेवले आहे. इतक्या महिन्यांनंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, या लॅशेस टिकतात त्या डोळ्यांना हात न लावल्यामुळे नव्हे, तर त्या रोज व्यवस्थित धुतल्यामुळे. बहुतेक मैत्रिणी नेमके उलट सांगतात. पाणी लागले की ग्लू सुटेल, या भीतीने त्या आठवडाभर पापण्या कोरड्या ठेवतात आणि मग रिफिलच्या आधीच पापणी अर्धी रिकामी झाली म्हणून तक्रार करतात.

पार्लरमध्ये पापणीच्या एकेका केसावर मुळापासून जरासे अंतर सोडून एक कृत्रिम केस चिकटवतात. त्यासाठी वापरला जाणारा ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेट प्रकारचा असतो आणि तो हवेतील ओलाव्यामुळेच घट्ट होतो, म्हणजे पाणी हा त्याचा मूळ शत्रू नाही. पहिला दिवस कोरडा ठेवा असे मला सांगितले होते आणि ते मी प्रत्येक वेळी पाळते. मात्र त्यानंतर पापणीवर साचणारा घाम, त्वचेचे तेल आणि प्रवासातील धूळ काढली नाही, तर केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसू लागतात, पापणीची कड लाल होते आणि खाज सुटते. डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ब्लेफरायटिस म्हणतात, त्या पापणीच्या कडेच्या सुजेला अशी अस्वच्छता निमंत्रण देते. शिवाय खाज आली की आपण डोळे चोळतो, आणि चोळण्याने जितक्या लॅशेस जातात तितक्या पाण्याने कधीच जात नाहीत.

धुण्याची माझी पद्धत अशी आहे. तेलविरहित लॅश शाम्पूचा फेस बोटावर घेऊन मिटलेल्या पापणीवर ठेवायचा आणि मऊ, लहान ब्रशने मुळापासून टोकाकडे हलकेच उतरवायचा. नंतर ब्रश केसांच्या मुळाशी आडवा फिरवायचा, कारण खरी घाण तिथेच असते. चेहरा खाली झुकवून ओंजळीतल्या पाण्याने फेस धुवायचा. शॉवरची धार थेट डोळ्यांवर घ्यायची नाही. कापसाचे तंतू लॅशेसमध्ये अडकतात आणि ते ओढून काढताना केसही येतो, म्हणून टिपण्यासाठी कापूस मी पूर्णपणे बंद केला आहे. साधा टिश्यू पापणीच्या खालून नुसता टेकवला तरी पुरते. ओल्या लॅशेस एकमेकींना चिकटून त्यांच्या झिपऱ्या होतात. त्या वेळी ब्रश न लावता त्या वाऱ्यावर वाळू द्यायच्या आणि मगच स्पूलीने, म्हणजे पापण्यांच्या छोट्या विंचरणीने, विंचरायच्या. विंचरतानाही मुळाशी न जाता मधल्या भागापासून टोकाकडे जायचे. फेसाची एक बाटली काही महिने सहज पुरते, त्यामुळे त्या खर्चाची मला कधी कुरकूर वाटली नाही.

गळालेली लॅश फेकून देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावी, असे मी प्रत्येकीला सांगेन. कृत्रिम केसाच्या बुडाशी आपला स्वतःचा बारीक केस चिकटलेला असेल आणि त्याच्या टोकाला पांढरट ठिपका दिसत असेल, तर तो केस आपले आयुष्य संपवून गळालेला आहे. पापणीचे असे काही केस रोजच गळतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र कृत्रिम केस एकटाच हाती आला आणि त्याच्या बुडाला ग्लूचा कण दिसला, तर जोड सुटलेला असतो. असे केस फार दिसू लागले की मी आधी तेलाचा माग काढते, कारण तेलाने ग्लूची पकड सैल होते.

आपल्याकडे हा प्रश्न फार मोठा आहे, कारण तेल आपल्या घरात सर्वत्र असते. रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडून झोपले की ते उशीवरून पापण्यांपर्यंत पोहोचते. म्हणून मी आता सकाळी तेल लावते आणि दोन तासांनी केस धुते. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला आईने नेहमीप्रमाणे तेल-उटणे लावले, फक्त कपाळ आणि डोळ्यांचा भाग सोडून. हळदीच्या कार्यक्रमातही मी गालांच्या वर हळद लावू दिली नाही आणि कोणाला त्याचे वाईट वाटले नाही. काजळ मात्र सोडावे लागले, आणि ते मला खरोखर जड गेले. पेन्सिल काजळात मेण आणि तेल दोन्ही असते आणि ते काढताना डोळे चोळावेच लागतात. वॉटरप्रूफ मस्कारा याच कारणासाठी नको. सनस्क्रीन आणि मेकअप काढण्याचे पाणी घेताना बाटलीमागची यादी वाचावी, कारण पारदर्शक दिसणारे प्रत्येक द्रव्य तेलविरहित असतेच असे नाही.

उष्णतेची काळजी कमी जणी घेतात. हे केस बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात, त्यामुळे ओव्हनचे दार उघडताच येणाऱ्या झळेने किंवा गॅसवर फार वाकल्याने त्यांची टोके आखडतात. सर्दीत वाफ घेणे मी टाळत नाही, कारण तब्येत आधी. फक्त डोळे मिटून त्यांवर घडी केलेला रुमाल धरते. पालथे किंवा कुशीवर झोपण्याची सवय असेल, तर जी बाजू उशीवर दबते त्या बाजूच्या लॅशेस आधी विरळ होतील, हे गृहीत धरावे.

एका बाबतीत घरगुती उपायांवर माझा अजिबात विश्वास नाही. पापण्या सुजल्या, सतत चुरचुरू लागल्या किंवा रांजणवाडी आली, तर लॅशेस स्वतः ओढून काढू नयेत. आपला केस मुळासकट निघतो आणि पुन्हा वाढायला काही महिने लागू शकतात. पार्लरमध्ये रिमूव्हर लावून त्या काढून घ्याव्यात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. ग्लूची अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी येते असे नाही, अनेक महिने काही त्रास न होता नंतरही ती सुरू होऊ शकते. म्हणून पार्लरने ग्लू बदलला की मी पुन्हा पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडासा ग्लू लावून त्रास होतो का याची चाचणी, करून घेते.

रिफिलची वेळ मी निम्म्याहून अधिक लॅशेस शिल्लक असतानाच घेते, कारण त्याहून कमी उरल्या तर बहुतेक पार्लर नव्या सेटचे पैसे लावतात. जायच्या दिवशी घरूनच पापण्या धुऊन, वाळवून, मेकअप न करता निघते. नाहीतर पार्लरमधल्या ताईंचा बराचसा वेळ साफसफाईतच जातो आणि नवे केस कमी बसतात.